दिशाशोधनात सेन्सर कुठे ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओ सिग्नलची दिशा पकडून त्याचा स्रोत शोधणारे लोक आपल्याकडे तीन-चार प्रकारचे आहेत: फॉक्स हंट (लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याचा खेळ) खेळणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, कॉलर लावलेल्या प्राण्यांच्या मागावर असणारे अभ्यासक, हस्तक्षेप करणारा ट्रान्समीटर हुडकणारे तंत्रज्ञ आणि शोध-बचाव पथकं. उपकरणं वेगवेगळी, पण प्रश्न बहुतेक सारखेच येतात. त्यातले बरेचसे अँटेनाबद्दल असतात. खरं तर त्यातल्या निम्म्यांचं उत्तर 'तुम्ही उभे कुठे होतात?' या एका प्रश्नात दडलेलं असतं.

दिशा कळली म्हणजे जागा कळली, असं का नाही?

एका ठिकाणाहून घेतलेलं बेअरिंग (सिग्नल येण्याची मोजलेली दिशा) ही फक्त एक रेषा असते. लक्ष्य त्या रेषेवर कुठेतरी आहे, जवळ की लांब ते कळत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेषा घेतली की दोघी जिथे छेदतात तो फिक्स. हे शाळेतल्या भूमितीइतकं सोपं वाटतं, पण एकही बेअरिंग अचूक नसतं. त्यामुळे रेषेऐवजी लांब जाताना रुंद होत जाणारी पाचर डोळ्यांपुढे ठेवावी. दोन पाचरी एकमेकींवर पडून जो तुकडा तयार होतो, त्यात लक्ष्य असण्याची शक्यता. तुकडा लहान आणि आटोपशीर होणार की लांबलचक, हे दोन्ही केंद्रांच्या, म्हणजे सेन्सर घेऊन उभं राहायच्या ठिकाणांच्या, जागांवर ठरतं.

एक अंशाची चूक म्हणजे जमिनीवर किती?

१ किलोमीटरवर साधारण साडेसतरा मीटर, १० किलोमीटरवर १७५ मीटर. चूक अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते. हातात धरायच्या तीन काड्यांच्या यागीने (एका दिशेला रोखायच्या अँटेनाने), होकायंत्र वापरून घेतलेल्या बेअरिंगला आम्ही मैदानात पाच अंशांची चूक धरून चालतो. म्हणजे ४ किलोमीटरवर साडेतीनशे मीटर इकडेतिकडे. शोधायचा बिबट्या उसात असेल तर साडेतीनशे मीटर म्हणजे चार वेगवेगळ्या मालकांची शेतं.

म्हणून जागा निवडताना पहिला नियम कंटाळवाणा आहे: शक्य तितकं जवळ जा.

दोन रेषा काटकोनात छेदायला हव्यात म्हणतात. इतकं महत्त्वाचं आहे का ते?

आहे. दोन केंद्रं असतील तर फिक्सची एकूण चूक काढायचं सूत्र वहीच्या एका ओळीत मावतं. प्रत्येक केंद्राचं लक्ष्यापासूनचं अंतर घ्या, दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा, त्याला बेअरिंगच्या चुकीने (रेडियनमध्ये) गुणा आणि छेदनकोनाच्या साइनने भागा. घोळ शेवटच्या भागाकारात आहे. दोन्ही केंद्रं ५ किलोमीटरवर आणि चूक २ अंश धरली, तर ९० अंशांच्या काटावर (छेदनकोनावर) फिक्सची चूक सुमारे २५० मीटर येते. ३० अंशांवर ती दुप्पट, ५०० मीटर. १० अंशांवर १.४ किलोमीटर. उपकरण तेच, माणसं तीच.

आपल्या ओळखीच्या डोंगरांवर हे करून बघू. समजा, कोल्हा, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर, रायगडाच्या माथ्यावर आहे आणि आपले दोन गडी तोरणा आणि राजगडावर आहेत. नकाशावर मोजलं तर रायगडापासून तोरणा सुमारे २० किलोमीटर आणि राजगड २५. दोन्ही गड उंच, समोर अडथळा कमी, सिग्नल छान. पण रायगडावरून पाहिलं तर तोरणा आणि राजगड जवळजवळ एकाच दिशेला आहेत, दोघांमध्ये जेमतेम ११ अंश. २ अंशांची चूक धरून हिशेब केला तर फिक्सची चूक येते जवळपास ६ किलोमीटर. एवढ्यात गड सोडून पायथ्याची गावंही आली.

आता राजगडावरच्या माणसाला प्रतापगडावर पाठवा. प्रतापगड रायगडापासून सुमारे ३६ किलोमीटर, म्हणजे राजगडापेक्षा ११ किलोमीटर लांब. पण तोरण्याच्या रेषेशी त्याचा काट ८० अंशांचा आहे. चूक उतरते दीड किलोमीटरवर. जवळची जागा सोडून लांबची घेतली आणि फिक्स चौपट सुधारला.

म्हणजे वरचा 'जवळ जा' नियम खोटा?

नाही, दोन्ही नियम एकाच सूत्रात शेजारी बसलेले आहेत आणि एकमेकांशी भांडतात. काट फार बारीक असेल तेव्हा कोन जिंकतो. काट बरा झाला की अंतर पुन्हा महत्त्वाचं होतं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे सरळ रस्ता. समजा, लक्ष्य रस्त्यापासून ४ किलोमीटर आत जंगलात आहे आणि तुम्हाला रस्ता सोडता येत नाही. लक्ष्याच्या समोरच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना सारखं सरकत गेलात तर काट वाढतो, पण अंतरही वाढतं. दोन्हींचा मेळ घातला तर सर्वांत कमी चूक ९० अंशांवर येत नाही, सुमारे ७० अंशांवर येते. तेव्हा दोन थांब्यांमधलं अंतर लक्ष्याच्या लंब अंतराच्या १.४ पट असतं. इथे ते साडेपाच किलोमीटरच्या थोडं वर. चुकीच्या लंबगोलाचं (लक्ष्य ज्यात असण्याची शक्यता त्या तुकड्याचं) फक्त क्षेत्रफळ कमी करायचं असेल तर उत्तर आणखी बदलतं: ६० अंश.

पण या आकड्यांचा बाऊ करू नका. थांब्यांमधलं अंतर लंब अंतराइतकं ठेवलं (काट ५३ अंश) किंवा दुप्पट केलं (काट ९० अंश), तरी सर्वोत्तमपेक्षा नुकसान दहा टक्क्यांच्या आतच राहतं. दोन टोकांमधली ही ऐसपैस जागा आहे, तिच्यात झाड-पाणी-सावली बघून थांबा. मात्र कंटाळा करून थांब्यांमधलं अंतर लंब अंतराच्या अर्ध्यावरच ठेवलंत, तर काट २८ अंशांवर येतो आणि चूक १.७ पट होते. मैदानात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

लक्ष्य दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच आलं तर?

तर दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात आणि छेदनबिंदूच मिळत नाही. लक्ष्य दोघांच्या मधे असो की पलीकडे, परिणाम तोच. दोनच केंद्रं कायमची बसवायची असतील तर ही आंधळी पट्टी कुठून जाते ते आधी नकाशावर आखा, आणि ज्या भागात लक्ष्य असण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे त्या भागावरून ती जाऊ द्या. किनाऱ्याशी समांतर बसवलेल्या दोन केंद्रांना समोरचा समुद्र नीट दिसतो, पण किनाऱ्यालगत वरखाली जाणाऱ्या होड्यांच्या जागा ती जोडी नेमक्या चुकवते.

तिसरं केंद्र कुठे लावावं?

केंद्रं लक्ष्यापासून सारख्या अंतरावर असतील तर तीन रेषा एकमेकींशी ६० अंशांवर छेदणं उत्तम. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. लक्ष्याच्या बरोब्बर पलीकडे, १८० अंशांवर लावलेलं केंद्र तीच रेषा पुन्हा काढतं. त्याने सरासरी सुधारते, पण नवी दिशा मिळत नाही.

अंतरं सारखी नसतात तेव्हा विचार वेगळा करावा लागतो. गडांचंच उदाहरण पुढे नेऊ. तोरणा आणि प्रतापगडावर केंद्रं आहेत, तिसरा माणूस मोकळा आहे. त्याला राजगडावर बसवलं तर चूक १.४६ किलोमीटरवरून १.३९ होते, म्हणजे एक माणूस, एक रिसीव्हर आणि एक रात्र खर्चून सत्तर मीटर मिळाले. त्याच माणसाला प्रतापगडाजवळच वेगळ्या टेकाडावर स्वतंत्र बेअरिंग घ्यायला सांगितलं तर चूक सुमारे १.१४ किलोमीटरवर येते. कारण तोरण्याची रेषा आधीच पक्की आहे, कच्ची आहे ती प्रतापगडाकडून येणारी. जी बाजू लंगडी आहे तिलाच आधार द्यायचा. तिसरा सेन्सर 'जिथे सोय आहे तिथे' लावला जातो, आणि सोय बहुतेक वेळा पहिल्या सेन्सरच्या शेजारीच असते.

तीन रेषांचा इवलासा त्रिकोण आला. आता फिक्स पक्का ना?

इथे थोडं थांबा. तीन रेषा एका बिंदूत कधीच मिळत नाहीत, छोटा त्रिकोण उरतो. तो लहान दिसला की आनंद होतो आणि लक्ष्य त्याच्या आतच आहे असं गृहीत धरलं जातं. बेअरिंगच्या चुका स्वतंत्र असतील आणि डावीकडे-उजवीकडे सारख्याच शक्यतेने होत असतील, तर लक्ष्य त्रिकोणाच्या आत असण्याची शक्यता फक्त चारात एक आहे. नाविकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाकी तीन वेळा ते बाहेर असतं.

शिवाय त्रिकोणाच्या आकारात केंद्रांची भूमिती दिसत नाही. एकाच वळणावर तीनशे मीटरच्या आत तीन बेअरिंगं घेतलीत तरी योगायोगाने सुबक त्रिकोण मिळू शकतो. तो सुबक आहे एवढंच. त्रिकोण बघण्याआधी रेषांमधले कोन बघा.

उंच जागा नेहमी चांगली का?

बहुतेक वेळा हो, पण कारण समजून घ्या. आत्तापर्यंतचा सगळा हिशेब 'प्रत्येक बेअरिंगमध्ये २ अंशांची चूक' या गृहीतकावर उभा आहे. ती चूक जागेनुसार बदलते, आणि सह्याद्रीत फार बदलते. दरीत उभं राहून यागी फिरवली तर सगळ्यात जोरकस सिग्नल कधी कधी समोरच्या काळ्या कड्यावरून येतो. कडा आरशासारखं काम करतो आणि तुम्ही आत्मविश्वासाने चुकीच्या डोंगराकडे चालू लागता. लोखंडी पत्र्याची शेड, विजेच्या तारा, तारेचं कुंपण, उभी केलेली गाडी, यांचेही खेळ असतातच.

रायगडाच्या उदाहरणात महाड बघा. रायगडापासून सुमारे १७ किलोमीटर, तोरण्याच्या रेषेशी जवळपास ७० अंशांचा काट. कागदावर महाड प्रतापगडाला सहज हरवतं: चूक १ किलोमीटरच्या खाली. पण महाड सावित्रीच्या खोऱ्यात, खाली, डोंगरांनी वेढलेलं आहे. परावर्तनांमुळे तिथली बेअरिंगची चूक २ ऐवजी ६ अंश झाली असं धरा. फिक्सची चूक २ किलोमीटरवर जाते आणि लांबचा प्रतापगड पुन्हा पुढे येतो. म्हणून जागा निवडताना भूमितीने यादी करावी आणि मोकळेपणाने त्यातून निवड करावी. जागेवर पोचल्यावर पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकून पुन्हा बेअरिंग घ्या. ते भलतंच बदललं तर ती जागा सोडा.

एकाच अँटेना-संचातल्या अँटेना किती अंतरावर ठेवायच्या?

हा वेगळा प्रश्न आहे. आत्तापर्यंत केंद्राकेंद्रांमधलं अंतर बोलत होतो, इथे एकाच केंद्रातल्या अँटेनांमधलं. फेज (प्रत्येक अँटेनावर लहर कुठल्या टप्प्यात आहे ते) मोजून दिशा काढणाऱ्या संचात अँटेना जितक्या लांब, तितकं बेअरिंग बारीक. पण शेजारच्या दोन अँटेनांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त झालं की एकाच मोजमापाला दोन-दोन उत्तरं निघू लागतात. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर, म्हणजे मर्यादा १ मीटर.

सरळ रेषेत मांडलेल्या संचाला आणखी दोन खोडी आहेत. आडव्या दिशेला तो तल्लख असतो, स्वतःच्या टोकाच्या दिशेला जवळपास आंधळा. आणि सिग्नल डावीकडून आला की उजवीकडून, हे त्याला सांगता येत नाही. पाणबुड्यांच्या मागे ओढल्या जाणाऱ्या सोनार-दोरीची हीच अडचण आहे. पाणबुडीने वळण घेतलं की खरी बाजू कोणती ते उघड होतं. गाडीच्या टपावर चार किंवा पाच अँटेना वर्तुळात लावतात त्याचं कारणही हेच.

माझ्याकडे एकच रिसीव्हर आहे. चालेल का?

चालेल, फक्त तुम्हाला चालावं लागेल. लक्ष्य स्थिर असेल तर एक माणूस तीन ठिकाणी जाऊन तीन केंद्रांचं काम करतो. लक्ष्य हलत असेल तर घड्याळ तुमच्या विरोधात जातं. ताशी ३ किलोमीटरने जाणारं जनावर वीस मिनिटांत १ किलोमीटर सरकतं. तेवढ्यात घाटाच्या दुसऱ्या वळणावर पोचून घेतलेली रेषा पहिलीशी जुळवणं म्हणजे दोन वेगवेगळ्या जागा एकत्र करणं. अशा वेळी दोन जणांनी वॉकीटॉकीवर 'आता' म्हणून एकाच क्षणी बेअरिंग घ्यावं.

समुद्रावर हाच प्रश्न पार टोकाला जातो. तुमचं जहाज एका रेषेत सारख्या वेगाने चाललंय, समोरचंही तसंच, तर नुसत्या बेअरिंगांवरून अंतर काढताच येत नाही, कितीही वेळ मोजत बसलात तरी. आपण वळायलाच हवं.

होकायंत्राची चूक असेल तर?

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फार थोडा आहे, त्यामुळे ती दुरुस्ती विसरलात तरी सहसा निभावतं. गाडीच्या बॉनेटवर ठेवलेलं होकायंत्र मात्र निभावत नाही. दोन्ही केंद्रांवर एकच होकायंत्र वापरलं आणि ते ५ अंश चुकीचं असेल, तर गंमत होते: दोन्ही रेषा सारख्याच वळतात, छेदनकोन तोच राहतो, आणि फिक्स दोन केंद्रं व लक्ष्य यांतून जाणाऱ्या वर्तुळावर सरकतो. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. तिसऱ्या जागेची रेषा न जुळल्यावरच शंका येते.

कायमच्या केंद्राची ठरलेली चूक मात्र कधी कधी निरुपद्रवी असते. ३० मे १९१६ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दिशाशोधन केंद्रांनी विल्हेल्म्सहाफेनजवळच्या एका जर्मन युद्धनौकेचं बेअरिंग दीड अंशाने बदललेलं टिपलं, म्हणजे ती जागची हलली होती. ही केंद्रं कॅप्टन एच. जे. राउंड यांनी उभारली होती. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत जटलंडची लढाई झाली. इतक्या लांबून दीड अंश म्हणजे नगण्य वाटेल, पण एकाच जागेवरून दोनदा मोजल्यामुळे त्या जागेची कायमची चूक वजाबाकीत निघून गेली होती. ब्रिटिशांकडे उकललेले संदेशही होते, हेही सांगायला हवं.

शेकडो किलोमीटरवर हेच नियम लागू होतात का?

हो, फक्त पृथ्वी गोल असल्याची आठवण ठेवावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधल्या जर्मन यू-बोटींच्या (पाणबुड्यांच्या) छोट्या संदेशांवरून त्यांचा ठावठिकाणा काढणारी 'हफ-डफ' केंद्रं ब्रिटनपासून आइसलंड आणि बर्म्युडापर्यंत पसरलेली होती. या पद्धतीमागची मूळ कल्पना रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी १९२० च्या दशकात विजांचा माग काढायला वापरली होती. फक्त ब्रिटनमधल्या केंद्रांवर भिस्त ठेवली असती, तर मध्य अटलांटिकवर सगळ्या रेषा जवळपास समांतर आल्या असत्या. रेषा आखायला असे नकाशे वापरत, ज्यांवर पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग सरळ दिसतो. नंतर हीच यंत्रं ताफ्याच्या रक्षक जहाजांवर बसली. ताफ्याच्या दोन बाजूंना असलेल्या दोन जहाजांकडे ती असली की जागेवरच काट मिळे.

वेळेच्या फरकावर चालणाऱ्या जाळ्यांनाही हे लागू आहे का?

थोडं वेगळ्या रूपात. तिथे एकच सिग्नल दोन सेन्सरांवर किती वेळाच्या फरकाने पोचला ते मोजतात, म्हणून प्रत्येक जोडीतून सरळ रेषेऐवजी अतिपरवलय नावाची वक्ररेषा मिळते, आणि एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. सपाट नकाशावर फिक्ससाठी निदान तीन सेन्सर लागतात, दिशाशोधनात दोनांत भागतं. विजा शोधणारी जाळी मुख्यतः अशी चालतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या, विजांचा इशारा देणाऱ्या 'दामिनी' ॲपमागेही सेन्सरचं देशभर पसरलेलं जाळं आहे. लक्ष्य जाळ्याच्या आत असेल तर ही पद्धत उत्तम. जाळ्याच्या खूप बाहेर गेलं की वक्ररेषा जवळजवळ समांतर होतात, दिशा कळते, अंतर कळत नाही.

लक्ष्य कुठे आहे हेच माहीत नसताना चांगली जागा आधी कशी ठरवणार?

हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे. नाही ठरवता येत, एका फेरीत तरी नाही. पहिल्या दोन जागा उंची आणि मोकळेपणा बघून घ्या, काट मिळेल तो मिळेल. त्यातून लांबट, ओबडधोबड तुकडा हाती येईल. तिसरी जागा त्या तुकड्याच्या लांब बाजूकडे काटकोनात बघणारी निवडा. तिथून आलेली रेषा तुकडा आडवा कापते. मग त्या तुकड्याच्या जवळ जाऊन हेच पुन्हा करा.

फॉक्स हंटमध्ये पाच कोल्हे आळीपाळीने एकेक मिनिट बोलतात, म्हणजे एका कोल्ह्याचा आवाज पुन्हा यायला चार मिनिटं गप्प बसावं लागतं. तरबेज खेळाडू ती चार मिनिटं उभा राहून घालवत नाही, आधीच्या रेषेला आडवा धावतो. सरळ सिग्नलच्या दिशेने पळत सुटला तर पुढचं बेअरिंग जुन्या रेषेवरच पडतं आणि कोल्हा दोनशे मीटरवर आहे की दोन किलोमीटरवर, हे तेव्हाही कळत नाही.

अगदी जवळ गेल्यावर सिग्नल सगळीकडून येतो. आता काय?

रिसीव्हर गुदमरलाय. ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा जोड) लावा, नसेल तर अँटेना काढून टाका किंवा रिसीव्हर छातीशी धरून गोल फिरा: आवाज जिथे सगळ्यात कमी होईल, तिथे कोल्हा तुमच्या पाठीमागे आहे. या टप्प्यावर नकाशा खिशात ठेवा आणि झुडपाखाली हात घाला. साप बघून.